टोकाकडचं पाणी

एप्रिल आला की माझ्या टेबलावर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे येतात. कंग्राळीत मी भाड्याच्या खोलीत राहते. खोलीवर पत्रा आहे, त्यामुळे दुपारी बारानंतर पंख्याचा वारासुद्धा भाजतो. पायाखाली ओला टॉवेल टाकायचा, लाल पेन घ्यायचा आणि बसायचं. यंदाच्या पेपरात मीच काढलेला एक प्रश्न आहे: आंतरराष्ट्रीय शांतता आणि सुरक्षिततेचे नियम घडवण्यात दुर्बल राष्ट्रांचा वाटा स्पष्ट करा. बहुतेक मुलांनी एकच उत्तर लिहिलंय. कुणी कन्नडमधून, कुणी इंग्रजीतून, पण उत्तर एकच. दुर्बल राष्ट्रांकडे सैन्य नसतं, पैसा नसतो, सुरक्षा परिषदेत कायमची जागा नसते, म्हणून त्यांचा वाटा नसतो.

मी गुण कमी देते. मुलं येऊन भांडतात. "मॅडम, चूक काय आहे यात?" चूक काहीच नाही, अर्धं आहे. एक उन्हाळा माझ्या वाट्याला आला नसता तर मीही हेच लिहिलं असतं आणि वर मॅडमशी भांडलेही असते.

त्या उन्हाळ्यात मी एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. हे मी सांगते आणि सांगताना आवाज खाली घेत नाही. परीक्षेआधीची अभ्यासाची सुट्टी लागली होती आणि मी बेळगावहून गावी निघाले होते. बसमध्ये डुलकी लागली तरी निपाणी आल्याचं नाकाला कळतं. वखारीतल्या तंबाखूचा तो कोरडा, घशात उतरणारा वास खिडकीतून आत येतो आणि नवखी माणसं शिंकायला लागतात. आम्ही शिंकत नाही. माझ्या आत्तीनं तर वीस वर्षं वखारीत तंबाखू चाळला. तिच्या लुगड्याला धुतल्यावरही तोच वास.

आत्ती म्हणजे वडिलांची थोरली बहीण. आम्ही घरातले तिला आत्ती म्हणतो, गाव तिला आक्का म्हणतं. नवरा लवकर गेला, मग ती आमच्या घराला लागून राहायला आली. वखार सुटल्यावर तिनं आपल्या अर्ध्या एकरात मन घातलं. गाव वेदगंगेच्या काठाला. नदीवरनं मोटारीनं पाणी उचलून पाइपातनं रानोरान देणारी जुनी स्कीम आहे. पाइपाच्या तोंडाशी गावातले बडे शेतकरी आप्पा, त्यांचा ऊस, दहा-बारा एकर, उभा राहिला की पलीकडचं दिसत नाही असा. मध्ये इतर लोक. आणि पाइप जिथं संपतो, तिथं आमच्या वस्तीची चौदा तुकड्यांची रानं. त्या चौदातलं शेवटचं आत्तीचं.

प्रत्येकाला आठवड्यात ठरलेला वार, लहान रानांना त्या वारातले ठरलेले तास. ज्याची पाळी त्यानं पाणी संस्थेच्या कट्ट्यावरनं लोखंडी चावी न्यायची, आपल्या रानाशी असलेल्या चेंबरमधला वॉल, म्हणजे पाण्याची झडप, उघडायची, पाळी संपली की चावी आणून खुंटीला अडकवायची. कागदावर सगळं चोख होतं. पण आप्पांचं चेंबर तोंडाशी. त्यांनी आपल्या पाळीशिवाय साध्या पान्यानं वॉल अर्धा जरी फिरवला तरी टोकाला पाइपातनं नुसती हवा यायची. चेंबरला कान लावला की फुस्स असा आवाज. तो आवाज मला अजून आठवतो. कुणी मुद्दाम टिंगल करावी तसा.

आप्पांना वाईट माणूस म्हणून सोडून देता येत नाही. माझ्या शाळेच्या दाखल्यासाठी चिकोडीला दोन हेलपाटे त्यांनी त्यांच्या गाडीनं घातलेत. पण उसाला पाणी कमी पडलं की दुसऱ्याच्या पाळीचं घेत. विचारणार कोण? विचारून काय होणार? संस्थेचा अध्यक्ष त्यांचा माणूस, मोटार दुरुस्तीला पुढं होणारे ते.

आत्तीनं त्या वर्षी उन्हाळी भुईमूग टाकला होता. मार्च सरताना तो फुलावर आला. भुईमुगाचं एक विशेष असतं. फूल वर येतं आणि मग त्याच्या बुडातनं दोऱ्यासारख्या आऱ्या सुटतात, त्या वाकून मातीत शिरतात, तिथं शेंग धरते. माती मऊ पाहिजे. त्या पाच-सहा आठवड्यांत पाणी चुकलं तर आऱ्या कडक ढेकळावर येऊन वाळतात, शेंगा पोचट राहतात. म्हणजे आत्तीची सगळी कमाई तेवढ्या पाच-सहा पाळ्यांवर होती. एक पाळी आप्पांच्या उसानं आधीच गिळली होती.

माझा प्रबंध दुर्बल राष्ट्रांच्या त्याच प्रश्नावर होता. सकाळी आत्ती खुरपायला बसली की मी बांधावरच्या करंजाखाली पुस्तक घेऊन बसायची. तोंडी परीक्षेची तयारी म्हणून मोठ्यानं बोलायची, इंग्रजीत. एक दिवस ती खुरपं टेकवून म्हणाली, "आमच्या भाषेत बोल की गं. एकटीनंच काय पुटपुटतीस, येडी म्हणतील."

मग मी तिला सांगितलं. युरोपात लिश्टेनस्टाइन नावाचा देश आहे. आपल्या चिकोडी तालुक्यात असले चार-पाच मावतील.

"आणि माणसं?"

"निपाणीत आहेत त्याहून कमी."

"पलटण?"

"नाही."

"अगदीच न्हाय? मग चोर आलं तर?"

"पोलीस आहेत."

"मग बरं," ती म्हणाली आणि पुन्हा खुरपायला लागली. "म्होरं सांग."

पुढं सांगितलं. जगात पाच देश असे आहेत, की बाकी सगळे एका बाजूला असले तरी त्यातल्या एकानं हात वर करून नाही म्हटलं की सुरक्षा परिषदेत विषय संपला. युद्ध थांबवायचा ठराव असला तरी संपला. त्यांचा तो अधिकार कुणाला काढून घेता येत नाही, कारण काढून घ्यायलाही त्यांचंच हो लागतं. या चिमुकल्या देशानं तो काढायचा नाद केला नाही. बरीच वर्षं दारोदार फिरून सोबती गोळा केले आणि संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेकडून एवढंच मंजूर करून घेतलं, की ज्या दिवशी कुणी हा नकार वापरेल, त्यानंतर ठराविक दिवसांत सगळ्या देशांची सभा आपोआप भरेल. बोलवायला नको, अर्ज नको. ज्यानं नकार दिला त्याला पहिल्यांदा बोलायची जागा. त्यानं यायलाच हवं असंही नाही. पण नाही आला तर तेही सगळ्यांना दिसणार. आणि गंमत अशी, की त्या पाचातल्या काहींनीही याला सही दिली.

खुरपता खुरपता आत्ती एका वाफ्याच्या कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत गेली, परत आली.

"म्हंजी पाणी घेतलेलं थांबवता येत न्हाय," ती म्हणाली, "पर का घेतलं ते चारचौघांत इचारता येतं."

"पाणी नाही गं, नकार."

"तेच ते. वखारीत बी असंच हुतं. एकटीनं पैसं का कापलं इचारलं की मालक उद्यापास्नं येऊ नको म्हणायचा. बाराजणी उठून उभ्या ऱ्हायल्या की कारण सांगायचा. खोटं सांगायचा, पर सांगायचा."

आमचे प्राध्यापक वर्गात 'नियम' या शब्दावर तीन तास घेत असत. ते तीन तास मला त्या बांधावर दोन वाक्यांत परत मिळाले.

त्याच आठवड्यात चौदा तुकड्यांचे चौदा मालक आमच्या अंगणात बसले. आत्तीचं म्हणणं साधं होतं. दंड नको, भांडण नको, कचेरीत अर्ज नको. ज्यानं दुसऱ्याच्या पाळीचं पाणी घेतलं, त्यानं दुसऱ्या दिवशी सकाळी सातला कट्ट्यावर यायचं आणि का घेतलं ते सांगायचं. ते वहीत लिहायचं. बास.

"आणि आला न्हाय तर?" एकानं विचारलं.

"येईपतोर आपण बसायचं."

संस्थेच्या बैठकीत हे मांडलं तेव्हा आप्पा हसले. "लिहा की. मी कुठं नको म्हणतोय?" मोठ्या माणसाला असल्या नियमाची भीती वाटत नाही, म्हणून तो लवकर मंजूर करतो. मला ते नंतर वाचनातही सापडत गेलं. पेरलेल्या सुरुंगांवर बंदी घालायचा करार झाला, त्यात ज्यांच्या शेतात माणसांचे पाय उडत होते असे गरीब देश पुढं होते. सगळ्यात मोठी सैन्यं बाहेर राहिली, आपला देशही बाहेर आहे. पण आज कुणी सुरुंग पेरले की त्याला निदान सारवासारव करावी लागते. आधी तेवढीही गरज नव्हती.

पाच-सहा दिवसांतच पाइपातनं पुन्हा फुस्स आवाज आला. दुसऱ्या दिवशी सात वाजता आम्ही कट्ट्यावर. मी वही घेऊन. मी सवयीनं खालीच थांबले. त्या कट्ट्यावर आमच्या वस्तीतलं कुणी आजवर बसलं नव्हतं. खाली, पायरीपाशी उभं राहायचो. आत्ती गेली, पदरानं धूळ झटकली आणि मधोमध बसली.

आप्पांनी त्यांचा गडी पाठवला. तो बिचारा म्हणाला, मीच वॉल फिरवला, मालकांना ठाऊक न्हाय.

"ऊस तुझा हाय व्हय रं?" आत्तीनं विचारलं.

"न्हाय."

"मग कारण तुझं कसं? जा, मालकास्नी सांग आमी बसलोय."

त्या दिवशी कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा सातला बसलो. तिसऱ्याही. डेअरीला दूध घालायला जाणारे थांबून विचारायचे, "काय रं, कुणाची वाट बघताय?" "आप्पांची." एवढंच उत्तर. दुपारपर्यंत ते गावात दोनदा फिरून यायचं. चौथ्या दिवशी आप्पांची गाडी थांबली. ते खाली उतरले, पण बसले नाहीत.

"ऊस वाळाय लागलाय म्हणून घेतलं," ते म्हणाले. "झालं?"

"आमच्या शेंगा काय सावलीत हायत व्हय, आप्पा?" आत्ती म्हणाली.

माणसं हसली, आप्पाही ओठातल्या ओठात हसले. मी वहीत लिहिलं: वार, पाळी कुणाची, घेतलं कुणी, कारण. मोठ्यानं वाचून दाखवलं. आप्पांनी सही केली आणि गेले. गेलेलं पाणी काही परत आलं नाही. आत्तीच्या एका कडेच्या वाफ्यातल्या आऱ्या वाळल्याच.

पुढच्या आठवड्यात त्यांनी पुन्हा घेतलं. या खेपेला मात्र दुसऱ्याच दिवशी आले. "ऊस वाळाय लागलाय," त्यांनी सुरू केलं, तर मागनं कुणीतरी म्हणालं, "आप्पा, हे कारण मागच्या खेपंला झालंय. नवं आणा."

हशा पिकला. आप्पांचे कान लाल झाले. त्यानंतर दोन आठवडे टोकाला पाणी वेळेवर आलं. वहीमुळेच आलं असं मी छातीठोक सांगणार नाही. तेव्हा एकदा वळीवही पडला होता. पण चेंबरातनं पाणी उसळून पाटात आलं, ते तापलेल्या मातीवर पसरताना जो वास सुटला, आणि आत्ती वाफ्याचं मातीचं दारं मोडून घोट्याइतक्या पाण्यात उभी राहिली, तेव्हाचं तिचं तोंड मी पाहिलंय. अजून एक पाळी मिळाली की भुईमूग हाताला लागणार होता.

पुढं तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी मला हेच विचारलं. नकार तर अजूनही दिले जातात, युद्धं अजूनही चालतात, मग तुझ्या लहान देशानं बदललं काय? मी म्हटलं, "सर, आधी न सांगता घेता येत होतं. आता सांगून घ्यावं लागतं."

"एवढंच?"

"एवढंच, सर."

आमच्या गाइड सरांनी चष्म्यावरून पाहिलं. "नोडम्मा," ते म्हणाले, कन्नडमध्ये 'बघ पोरी' म्हणतात तसं, "हे कुठल्या पुस्तकात आहे?" मी वहीचं नाव सांगितलं नाही. पहिल्या वर्गात आले, ते त्या उत्तरानं की बाकीच्या उत्तरांनी, मला माहीत नाही.

त्या परीक्षेत मी एक गोष्ट मात्र सांगितली नाही. कारण ती सांगायला लागले तर उत्तर माझ्या हातून निसटलं असतं. दुर्बळानं बळवंताला नियमानं वाकवलं, हे ऐकायला छान असतं. अवघड भाग पुढं असतो.

एप्रिलच्या शेवटी शेवटी गावची यात्रा होती. यात्रेमुळं सोमवारचा बाजार त्या आठवड्यात रविवारी भरला. आत्तीची पाळी मंगळवारची. पण ती वारावर कधी चालली नाही. बाजार झाला की दुसऱ्या दिवशी आपलं पाणी, असा तिचा कितीतरी वर्षांचा हिशोब. वखारीत होती तेव्हापासून तिचा आठवडा बाजारापासूनच सुरू व्हायचा. तिनं रविवारी बाजार केला आणि सोमवारी सकाळी चावी नेऊन वॉल उघडला. सोमवारची पाळी आप्पांची. त्यांचा गडी यात्रेत होता. दुपारी तीनला तो रानात आला, तेव्हा उसाचे पाट कोरडे आणि टोकाचा भुईमूग तट्ट भिजलेला.

संध्याकाळी निरोप आला. उद्या सातला कट्ट्यावर.

मी चिडले. आत्तीपुढं सगळं ज्ञान पाजळलं. चूक होणं वेगळं आणि नियम मोडणं वेगळं. हेतू बघतात, सगळ्या जगात बघतात. तू जाऊ नकोस, मी चिठ्ठी लिहून देते.

ती भाकरी थापत होती. "आप्पांनीबी पयल्यांदा चिठ्ठीगत गडीच धाडला हुता," ती म्हणाली. "आपण ऐकलं?"

"त्यांचं वेगळं आहे. ते मोठे आहेत."

"मोठ्यांसाठी न्हवती केली वही. पाण्यासाठी केली."

"हसतील गं तुला सगळे."

"हसू देत. मी उद्या गेले न्हाय तर परवापास्नं आप्पा कशाला येतील? आणि मग उरल्यालं पाणी कुणाच्या भरवशावर? सांग की, शिकल्याली हाईस." तव्यावरची भाकरी तिनं उलटली.

सकाळी कट्टा भरला होता. नेहमी न येणारेही आले होते. आक्का सापडली म्हटल्यावर कोण घरी बसेल? आप्पा सगळ्यांच्या आधी येऊन बसले होते, दाढी करून, पांढरी टोपी घालून.

"आज लई लवकर आप्पा?" कुणीतरी खडा टाकला.

"सांगायचं असलं की पाय जड हुत्यात," आप्पा म्हणाले. "ऐकायचं असलं की हलकं."

सगळे हसले. आत्ती हसली नाही. ती आज कट्ट्यावर बसली नाही, उभी राहिली, आप्पा पहिल्यांदा उभे होते तशी.

"सोमवारचं पाणी मी घेतलं. पाळी आप्पांची हुती. बाजार रविवारी भरला, माझा इसाब चुकला." ती थांबली. "चूक बाजाराची न्हाय. इसाब माझा."

मी लिहिलं. लिहिताना माझ्या हातानं एक शब्द जास्तीचा घातला. मोठ्यानं वाचून दाखवलं: 'नजरचुकीने घेतले.'

"ते नजरचुकीनं मी म्हणाले व्हय?" आत्तीनं विचारलं.

"नाही, पण..."

"आप्पांच्या येळंला लिवलंतस?"

नव्हतं लिहिलं. आप्पांच्या वेळी मी 'घेतले' एवढंच लिहिलं होतं, तेही जरा ठळक. मी तो शब्द खोडला. सगळ्यांसमोर. कान माझे तापले. पुस्तकं वाचून मी ज्याला न्याय म्हणत होते, त्यात मी आमच्या बाजूला हळूच झुकतं माप टाकलं होतं, आणि पकडलं ते आमच्याच बाईनं.

आप्पांनी टोपी नीट केली. मग मोठेपणानं म्हणाले, "असू दे आक्का. बाईमाणूस हाईस, झालं गेलं..."

"असू दे न्हाय," आत्ती म्हणाली. "लिवलंय." आणि तिनं वही ओढून सही केली. तिला सही करायला वेळ लागतो.

"बरं," आप्पा म्हणाले. "आज मंगळवार. पाळी कुणाची?"

मी वही बघितली. "आत्तीची."

कट्ट्यावर चुळबूळ झाली. काल तिनं घेतलं, आज पुन्हा तिचंच. आप्पांच्या उसाला आता थेट पुढच्या सोमवारी. नियम तसाच होता.

आत्ती म्हणाली, "माझं रान काल भिजलंय. आज तुमी घ्या, आप्पा. माझ्या पाळीचं म्हणून घ्या."

गडी पुढं झाला आणि त्यानं खुंटीवरच्या चावीला हात घातला.

"थांब रं," आप्पा म्हणाले. मग माझ्याकडं वळले. "पोरी, हे लिवलंस का?"

"नाही अजून."

"मग आधी लिव. मंगळवार, पाळी आक्काची, घेतलं आप्पानं, आक्काच्या सांगण्यावरनं. मग चावी काढू."

मी लिहायला लागले. गड्यानं चावीवरचा हात काढला आणि तो उभा राहिला.